'ईआर'च्या पहिल्या सीझनमध्ये असं काय आहे?

नौपाडाकर

सध्या रात्रीची जेवणं आटोपली की आमच्याकडे 'ईआर' लागतं. मुलीला मेडिकलला जायचंय म्हणून पहिल्या भागापासून सुरू केलं. आता ती अभ्यासाला उठून जाते आणि आम्ही दोघं बसून राहतो.

मालिका अमेरिकन, १९९४ ची. ईआर म्हणजे इमर्जन्सी रूम. कुणाच्या हातात मोबाइल नाही. काउंटरपाशी एक पांढरा फळा, त्यावर पेशंटची नावं लिहायची आणि पुसायची. तरीही एक भाग संपला की दुसरा लावल्याशिवाय उठवत नाही. नंतर आलेल्या चकचकीत हॉस्पिटल मालिका मी दोन-चार भागांत सोडल्या आहेत, म्हणून हे काय आहे ते समजून घ्यावंसं वाटतंय.

पायलट, म्हणजे पहिला भाग, पुन्हा नीट पाहिला. शिकागोच्या काउंटी जनरल हॉस्पिटलमधल्या इमर्जन्सी विभागाचे चोवीस तास, एवढंच. भागाचं नावही तेच. डॉ. मार्क ग्रीनला झोपेतून उठवतात तिथे सुरुवात होते आणि मग माणसं येत राहतात. कुणी रक्तबंबाळ, कुणी नुसतं घाबरलेलं, कुणी घरी जायलाच तयार नसलेलं. यातल्या बऱ्याच जणांचं पुढे काय झालं ते आपल्याला कधीच सांगत नाहीत. डॉक्टर हात धुतो आणि पुढच्या पडद्याआड शिरतो.

माझं मत असं की या सुरुवातीच्या भागांत काम हीच गोष्ट आहे. कोण कुणाच्या प्रेमात आहे ते काम करता करता जेवढं कळेल तेवढंच कळतं. नंतरच्या सीझनमध्ये हे उलटं होत गेलं आणि तिथेच गोडी कमी झाली.

तुम्हाला काय वाटतं? आणि ज्यांनी कॅज्युअल्टीत काम केलंय, ठाण्यात, नवी मुंबईत, कुठेही, त्यांनी तर लिहाच.

सीवूड्सवाली

एका शब्दात उत्तर: क्लूनी. (डॉ. रॉस झालेला नट जॉर्ज क्लूनी, आणखी कोण!)

सानपाडा_लोकल

+१. धागा इथेच बंद करायला हरकत नाही. 😄

हाऊसमन

नौपाडाकर, नेमकं बोललात. मी म्युनिसिपल हॉस्पिटलमध्ये इंटर्नशिप केली, मग सर्जरीत हाऊसमन, म्हणजे शिकाऊ निवासी डॉक्टर, होतो. आता वाशीला प्रॅक्टिस करतो.

पायलटमध्ये कार्टर हा विद्यार्थी पहिल्या दिवशी कडक पांढरा कोट घालून येतो. डॉ. बेंटन त्याला चालता चालता सगळा विभाग दाखवत सुटतो, मागे वळूनही बघत नाही. आणि थोड्याच वेळात एका पेशंटला आयव्ही, म्हणजे शिरेतून सलाइन, लावायला सांगतो. कार्टरने ती कधी लावलेली नाही. तो प्रसंग बघताना माझ्या तळहाताला घाम आला.

आमच्याकडे टूर्निकेट, म्हणजे दंड आवळायचा पट्टा, कधी जागेवर नसायचा. रबरी ग्लव्ह दंडाला बांधायचा. चिकटपट्टीचे तुकडे आधीच फाडून खाटेच्या दांडीला लावून ठेवायचे, कारण एकदा शीर मिळाली की दुसरा हात मोकळा नसतो. शीर डोळ्यांनी शोधायची नाही, बोटाने चाचपायची. दाबली की स्प्रिंगसारखी वर येते ती खरी. इंट्राकॅथ, म्हणजे सुईवर बसवलेली प्लास्टिकची नळी, आत गेला की मागच्या कप्प्यात रक्त चढतं. तिथे हात थरथरू द्यायचा नाही. किंचित पुढे जायचं, मग नुसतं प्लास्टिक पुढे सरकवायचं आणि सुई मागे घ्यायची. माझे पहिले पेशंट एक भाजीवाले आजोबा होते. शीर हुकली तेव्हा त्यांनी आपणहून मूठ आवळली आणि म्हणाले, "दमानं घे पोरा, मी कुठं पळून चाललोय?"

बेंटन खडूस आहे असं बरेच जण म्हणतात. मला तो खडूस वाटत नाही. त्याला वेळ नाही. आमचे रजिस्ट्रार, म्हणजे आमच्या वरचे निवासी डॉक्टर, तसेच होते. तोंडाने शाबास म्हणायचे नाहीत, पण पुढचा पेशंट आपल्यावर सोपवायचे. ती पावती मिळाली की दिवसभर जेवायला मिळालं नाही तरी चालायचं. हे नातं मी टीव्हीवर इतकं खरं दुसरीकडे पाहिलेलं नाही.

ऐरोलीचा_पाहुणा

सगळ्यांचा आदर ठेवून सांगतो, मला जमलं नाही. चार भाग पाहिले. कुणीतरी धावत येतो, पंधरा सेकंदांत पंचवीस शब्द फेकतो, त्यातला एकही कळत नाही, आणि दार आपटून सगळे आत. सीबीसी, केम सेव्हन, हे आणा, ते आणा. सामान्य प्रेक्षकाने काय करायचं?

त्यापेक्षा 'संजीवनी' बरी होती. निदान माणूस कशाने आजारी आहे ते तरी कळायचं.

पटकथावेडी

पाहुणे, तेच तर गंमतीचं आहे! ते शब्द कळावेत म्हणून लिहिलेलेच नाहीत. चेहरे बघा. शब्द वेगाने येतात पण सिस्टरचा चेहरा शांत असेल तर पेशंट वाचणार. शब्द कमी झाले आणि कुणी घड्याळाकडे पाहिलं की समजायचं.

थोडी माहिती देते, कारण या भागांचा स्वभाव तिथूनच आला आहे. पायलट लिहिला मायकल क्रायटन यांनी. ते स्वतः हार्वर्डमधून डॉक्टर झालेले. ही संहिता त्यांनी १९७४ मध्ये सिनेमासाठी लिहिली होती, विद्यार्थी असताना इमर्जन्सीत जे पाहिलं त्यावरून. वीस वर्षं ती पडून राहिली. फार वेगवान, फार तांत्रिक, एकाच वेळी फार माणसं, अशी तक्रार. शेवटी स्पीलबर्ग यांच्या अँब्लिन कंपनीमार्फत ती टीव्हीकडे वळली आणि १९ सप्टेंबर १९९४ ला दोन तासांचा पायलट दाखवला गेला. मूळ संहितेत फार थोडे बदल केले होते. बेंटनची भूमिका एरिक ला साल या कृष्णवर्णीय नटाकडे आली आणि डॉ. लुईस स्त्री झाली, हे त्यातले मोठे.

म्हणजे ज्या कारणांसाठी ती नाकारली गेली, तीच कारणं पुढे लोकांना आवडली. सिनेमाचा लेखक प्रेक्षकाला समजावत बसत नाही. मालिकेचा लेखक दर दहा मिनिटांनी समजावतो, कारण मधे जाहिरात आलेली असते. पहिल्या सीझनवर त्या सिनेमाच्या संहितेची छाप राहिली असं मला वाटतं.

आजी_नेरूळ

तुमची चर्चा वाचते आहे. आमच्या वेळी दूरदर्शनवर विजयाबाई मेहतांची 'लाइफलाइन' लागायची, तीही हॉस्पिटलवरच होती. मंद गतीची, पण माणसं खरी वाटायची. विजयाबाई नाटकातल्या, त्यामुळे नट नुसता उभा असला तरी काहीतरी करत असायचा. कुणाला आठवते का?

हाऊसमन

आजी, आठवते! आमच्या चाळीत एकाच घरी कलर टीव्ही होता, तिथे बसून पाहायचो.

सानपाडा_लोकल

पाहुणे, 'संजीवनी'बद्दल मात्र मी तुमच्या बाजूने. २००२ मध्ये स्टार प्लसवर सगळीकडे सासू-सून चालू असताना तरुण डॉक्टरांची मालिका आणणं ही छोटी गोष्ट नव्हती. मोहनीश बहलचा डॉ. शशांक तर इतका चालला की पुढे 'दिल मिल गये'मध्येही तोच आला. माझ्या बहिणीने त्या पायी स्टेथोस्कोप विकत घेतला होता. ती आज बँकेत आहे.

सिस्टर_ठाणेकर

पहिल्यांदाच लिहिते आहे. पंचवीस वर्षांहून जास्त काळ नर्सिंगमध्ये आहे, त्यातला बराच इमर्जन्सीत.

आपल्या मालिकांमध्ये सिस्टर काय करते? ट्रे घेऊन येते, "डॉक्टर, पेशंटला शुद्ध आली" म्हणते आणि जाते. 'ईआर' बघायला लागले ती एका गोष्टीसाठी. तिथे सिस्टर डॉक्टरच्या आधी पोचते. हेलेह, लिडिया या नर्सेस पहिल्या सीझनपासून आहेत. त्या नव्या डॉक्टरांना हळूच सांभाळून घेतात, चारचौघांत त्यांचा पाणउतारा न करता. हे कसं करायचं ते आम्हाला कुठल्या पुस्तकात शिकवलेलं नाही. "सर, एकदा पोटॅशियम बघता का?" असं विचारायचं, "चुकताय" म्हणायचं नाही. नवा डॉक्टर शहाणा असेल तर त्याला कळतं.

आणि कॅरल हॅथवे. पायलटमध्ये हेड नर्स कॅरल ड्युटी संपवून घरी जाते आणि थोड्या वेळाने पेशंट म्हणून परत येते. गोळ्या घेतलेल्या. आपल्याच माणसाला आपल्याच टेबलावर बघितल्यावर सगळा विभाग कसा गप्प होतो ते त्यांनी दाखवलंय. कुणी रडत नाही, आरडाओरडा नाही. हात चालू असतात. मी हे प्रत्यक्ष पाहिलेलं आहे. आमच्या एका सहकारी मुलीला असंच आणलं होतं आणि तेव्हा आमच्याकडेही कुणी एक शब्द बोललं नाही. जिने सकाळी माझ्याकडून ओव्हर, म्हणजे ड्युटीचा ताबा, घेतला होता, तिच्याच हाताला मी लाईन लावत होते. ती वाचली, आता दुसरीकडे काम करते, बरी आहे. पण तो भाग लिहिणारा माणूस त्या खोलीत कधीतरी उभा राहिला असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पटकथावेडी

सिस्टर, तुमचा प्रतिसाद वाचून काय लिहू कळत नाही. तुमच्या मैत्रिणीला शुभेच्छा.

कॅरलबद्दल एक सांगते. मूळ योजनेत ती पायलटमध्येच मरणार होती. पायलट पाहिलेल्या प्रेक्षकांना ती आवडली म्हणून तिला जगवलं. जुलियाना मार्गुलीसना त्याच भूमिकेसाठी १९९५ चं एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचं मोठं पारितोषिक, मिळालं.

कॅमेऱ्यामागे

मी जाहिरातींमध्ये कॅमेरा असिस्टंट आहे, घोडबंदर रोडला राहतो. कुणीच कॅमेऱ्याबद्दल बोललं नाही म्हणून लिहितो.

त्या काळी बहुतेक मालिका सेटच्या तीन भिंती बांधून शूट होत. चौथ्या भिंतीच्या जागी कॅमेरे. 'ईआर'चा पायलट लॉस एंजेलिसमधल्या एका बंद पडलेल्या खऱ्या हॉस्पिटलमध्ये शूट झाला. पुढे स्टुडिओत सेट बांधला तेव्हा त्यालाही चारी भिंती आणि छत ठेवलं. मग स्टेडीकॅम, म्हणजे चालतानाही न हलणारा कॅमेरा, अंगावर बांधून ऑपरेटर स्ट्रेचरबरोबर दारातून आत शिरतो, पेशंटभोवती फिरतो, आणि कट न करता शेजारच्या ट्रॉमा रूममध्ये जातो. छत असल्यामुळे वरून मोठे लाइट टांगता येत नाहीत, म्हणून ट्यूबलाइटच्या उजेडातच काम. त्यामुळे चेहरे दमलेले आणि हिरवट दिसतात. पुढे सगळ्यांनी हे उचललं, पण १९९४ मध्ये प्रेक्षकाला ते नवीन होतं.

लांब शॉटचा आणखी एक परिणाम होतो. नटाला खरंच काम करावं लागतं. हातात कात्री, तोंडात संवाद, मागून दुसऱ्याने आवाज द्यायचा, आणि हे सगळं एका दमात. एक जण चुकला की सगळं पहिल्यापासून. नौपाडाकर म्हणतात ना काम हीच गोष्ट, ते कॅमेऱ्याने घडवून आणलंय.

घोडबंदरी

कॅमेऱ्यामागे, तुम्हीही घोडबंदरला? मग सांगा, संध्याकाळी कापूरबावडीपासून पुढे अँब्युलन्स निघते कशी? त्यावर एक लांब शॉट घ्या, दीड तासाचा होईल.

परवाच मानपाड्याजवळ सायरन वाजवत अँब्युलन्स उभी होती. बाइकवाल्या दोन मुलांनी खाली उतरून एकेक गाडी बाजूला काढली. मला फार बरं वाटलं ते बघून.

सानपाडा_लोकल

पाम बीच रोडवरही तीच गत आहे, फरक इतकाच की तिथे सगळे वेगात अडवतात.

हाऊसमन

अवांतर चाललंय, पण महत्त्वाचं आहे म्हणून लिहितो. १०८ नंबर लक्षात ठेवा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे, मोफत आहे, आणि त्या गाडीत डॉक्टर असतो. लोक अजूनही रिक्षाने पेशंट आणतात, मान वाकलेली, पाय बाहेर. छातीत दुखत असेल किंवा अपघात असेल तर आधी फोन लावा.

आणि दुसरं. या मालिकेतला ग्रीन इमर्जन्सी मेडिसिनचाच डॉक्टर आहे. अमेरिकेत ही शाखा १९७९ मध्ये स्वतंत्र विशेषज्ञता म्हणून मान्य झाली, म्हणजे मालिका आली तेव्हा ती तशी तरुण होती. आपल्याकडे एमडीची स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता २००९ ची. आमच्या काळात कॅज्युअल्टीत सीएमओ, म्हणजे तिथले मेडिकल ऑफिसर, बसायचे, पेशंट कुठल्या वॉर्डचा ते ठरवून वर पाठवायचे, आणि खरी धावपळ वॉर्डात. त्यामुळे तो विभागच एवढा मोठा, स्वतःच्या पायावर उभा असलेला बघून आम्हाला हेवा वाटायचा.

तर्कट

मला एक गंभीर आक्षेप नोंदवायचा आहे. ही मालिका "खरी" म्हणून गौरवली जाते. १९९६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास छापून आला होता. संशोधकांनी 'ईआर', 'शिकागो होप' आणि 'रेस्क्यू ९११' यांचे मिळून ९७ भाग पाहिले. त्यात ६० वेळा सीपीआर, म्हणजे छाती दाबून बंद पडलेलं हृदय चालू करायचा प्रयत्न, दिला गेला. त्यातले ७५ टक्के पेशंट त्या वेळी जगले आणि ६७ टक्के घरी जाण्याइतके बरे झालेले दिसले. प्रत्यक्षात जगण्याचं प्रमाण याच्या आसपासही नसतं. उद्या माझे वडील आयसीयूत असतील आणि डॉक्टर म्हणाले की आता छाती दाबण्यात अर्थ नाही, तर मी टीव्हीवर शिकलेल्या आशेने त्यांच्याशी भांडेन. हे नुकसान खरं आहे.

हाऊसमन

तर्कट, आक्षेप शंभर टक्के मान्य. नातेवाइकांशी हे बोलणं आमच्या कामातलं सगळ्यात अवघड बोलणं आहे, आणि टीव्हीने ते आणखी अवघड केलंय.

त्यातल्या त्यात सगळ्यांसाठी: मॉनिटरवर रेष सरळ झाली की शॉक द्यायचा, हे मालिका-सिनेमांत सर्रास दाखवतात. ते खोटं आहे. सरळ रेषेला शॉक देत नाहीत. तिथे छाती दाबत राहायची, अ‍ॅड्रेनालिन द्यायचं, कारण शोधायचं. शॉक हृदय वेडंवाकडं थरथरत असेल तेव्हा.

पण पहिल्या सीझनच्या बाजूनेही एक सांगू द्या. तिथे पेशंट जगतात तसे मरतातही, आणि नीट प्रयत्न करूनही मरतात. आपल्याकडच्या मालिकांत मरण हे पाप-पुण्याच्या हिशेबाने येतं.

लेबररूम

हाऊसमन यांच्या शेवटच्या ओळीवरून मला एकोणिसाव्या भागाबद्दल लिहायलाच हवं. 'लव्ह्ज लेबर लॉस्ट', मार्च १९९५. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी हा प्रतिसाद सोडून पुढे जा.

एक गरोदर बाई नवऱ्याबरोबर येते. हसतमुख आहे. ग्रीन तपासतो, लघवीचं इन्फेक्शन म्हणून औषध देऊन घरी पाठवतो. ती गाडीपर्यंत जाते आणि तिला झटका येतो. एक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात बीपी चढून येणारे झटके. तिथून पुढे भाग त्या एका बाईपाशी थांबतो. बाळंतपणाच्या डॉक्टरांना फोनवर फोन. त्या येईपर्यंत ग्रीन एकेक निर्णय घेत जातो. बाळाचा खांदा अडकतो. शेवटी सिझेरियन, तेही इमर्जन्सीतच. बाळ वाचतं. आई जाते.

मी नवी मुंबईत लेबर रूममध्ये काम करते. एक्लॅम्पसिया आम्ही पाहतो. पायावर सूज, डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, वाढलेलं बीपी, लघवीत प्रोटीन, हे आधी सापडलं तर मॅग्नेशियम सल्फेट आहे, उपाय आहे. सापडलं नाही तर तास-दोन तासांत होत्याचं नव्हतं होतं. माझ्या स्वतःच्या मावसबहिणीला हेच झालं होतं. तिला डोकेदुखीवर गोळी देऊन घरी पाठवलं होतं. सुदैवाने ती आणि बाळ दोघंही आहेत.

त्या भागाची मोठी गोष्ट ही की ग्रीन वाईट डॉक्टर नाही. आळशी नाही, उद्धट नाही. बाईशी गोड बोलतो, त्यांना हसवतो. आणि तरीही हे त्याच्या हातून घडतं. मालिका त्याला माफ करत नाही आणि खलनायकही ठरवत नाही. तो नवऱ्याला सांगायला जातो ते आपण ऐकत नाही, काचेआडून फक्त बघतो. मग तो ट्रेनमध्ये बसतो आणि त्याला रडू फुटतं. या भागाच्या लेखन-दिग्दर्शनाला एमी मिळाली. लेखक लान्स जेंटाइल स्वतः डॉक्टर.

मी आमच्या नव्या स्टाफला हा भाग बघायला सांगते. घाबरवायला नाही. बीपी दोनदा मोजायची सवय लागावी म्हणून.

सीवूड्सवाली

लेबररूम ताई, मी पहिला प्रतिसाद गमतीत दिला होता, पण हा भाग मी सातव्या महिन्यात पाहिला होता आणि दुसऱ्या दिवशी उठून बीपी मोजायला गेले होते. आईने विचारलं कशाला, तर काय सांगणार? एका गोष्टीशी पूर्ण सहमत: ग्रीनवर राग येत नाही, पण डोळ्यापुढून तो जातही नाही.

तर्कट

हा भाग मी पाहिलेला नाही. पाहीन.

जुना_ठाणेकर

सगळे पहिल्या सीझनच्या प्रेमात, म्हणून दुसरी बाजू. पंधरा सीझन, तीनशे एकतीस भाग. सगळं पहिल्या पंचवीस भागांत संपलं असं म्हणणं अन्यायाचं आहे. चौथ्या सीझनचा पहिला भाग त्यांनी थेट सादर केला, सप्टेंबर १९९७ मध्ये, आणि एकदा नाही, अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यासाठी दोनदा! गडकरीला दुपारचा आणि रात्रीचा प्रयोग करणाऱ्या नटांना याची किंमत कळेल. आठव्या सीझनमध्ये ग्रीनचा शेवट पाहून ज्याचे डोळे भरले नाहीत असा माणूस मला भेटलेला नाही.

पटकथावेडी

ग्रीनचा शेवट सुंदर आहे, मान्य. पण डॉ. रोमानोचा हात हेलिकॉप्टरच्या पात्याने तुटतो आणि पुढच्याच सीझनमध्ये हेलिकॉप्टरच अंगावर पडून तो मरतो, याचं काय करायचं? सुरुवातीच्या भागांत एका बाईचं बीपी चढणं पुरेसं होतं. पुढे हेलिकॉप्टर लागायला लागलं. मला उतरण तिथे दिसते.

घोडबंदरी

एकाच माणसाच्या वाट्याला दोन हेलिकॉप्टर? आमच्या सोसायटीत पत्रिका बघणारे एक काका आहेत, त्यांना विचारतो.

सिस्टर_ठाणेकर

मला 'ब्लिझर्ड' आवडतो. पहिल्याच सीझनमधला. बाहेर बर्फ पडतंय, पेशंट नाहीत, सगळे कंटाळलेत, टवाळक्या चालल्यात. आणि मग हायवेवर गाड्यांवर गाड्या आदळल्याची बातमी येते. ती मधली काही मिनिटं, खाटा रिकाम्या करायच्या, सलाईनच्या बाटल्या लावून ठेवायच्या, आणि दाराकडे बघत उभं राहायचं, तो वेळ फार अचूक घेतलाय.

२६ जुलै २००५ ला मी ड्युटीवर होते. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. गाड्या बंद, फोन बंद. रात्रपाळीच्या मुली पोचू शकल्या नाहीत, म्हणून दिवसपाळी तशीच पुढे चालू राहिली. आधी तासभर कुणीच आलं नाही. आम्हाला वाटलं, बरंच झालं. आमच्या मेट्रन म्हणाल्या, "आत्ताच चहा पिऊन घ्या गं, नंतर मिळायचा नाही." आणि खरंच, मग जी रीघ लागली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. शॉक लागलेले, पाण्यात पडलेले, कमरेएवढ्या पाण्यातून दम्याच्या आईला पाठीवर घेऊन आलेला एक मुलगा. त्याचे पाय काचेने कापले होते, ते त्याला आईला ऑक्सिजन लागेपर्यंत कळलंही नव्हतं.

'ब्लिझर्ड'मध्येही असंच आहे. संकट येणार हे माहीत असतं आणि हातात फक्त तयारी असते.

कॅमेऱ्यामागे

सिस्टर, तुम्ही लिहीत राहा. वेगळा धागा काढा, आम्ही सगळे येऊ.

ज्यांना असंच काही नवं हवंय त्यांच्यासाठी: 'द पिट', २०२५. कार्टर झालेला नोआ वायलीच त्यात मोठा डॉक्टर आहे, पिट्सबर्गमध्ये. पहिल्या सीझनचे पंधरा भाग, प्रत्येक भाग म्हणजे एकाच ड्युटीचा एक तास. सर्वोत्कृष्ट ड्रामा मालिकेचं एमीही मिळालं. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. 'ईआर'च्या सुरुवातीला जे होतं, तिकडे ते पुन्हा गेलेत.

आणि आपल्याकडची 'मुंबई डायरीज २६/११' सुद्धा बघा. सरकारी हॉस्पिटलची कॅज्युअल्टी पडद्यावर इतकी भरलेली मी आधी पाहिली नव्हती. थोडी नाट्यमय आहे, पण मोहित रैना आणि कोंकणा सेन शर्मा दोघांनीही जीव ओतलाय.

कोपरी_पूर्व

सगळा धागा वाचला. मी ना डॉक्टर, ना सिनेमातला. मूळ प्रश्नाला माझं उत्तर देतो.

वडिलांना मागच्या वर्षी अचानक रात्री न्यावं लागलं. स्ट्रेचर आत गेलं, दार मिटलं. मला बाहेर थांबायला सांगितलं. थोड्या वेळाने एक हात बाहेर आला, त्यात चिठ्ठी. हे मेडिकलमधून आणा. धावत गेलो, आणलं, हात पुन्हा आला, पिशवी आत गेली. मग दुसरी चिठ्ठी. मग सही. आत काय चाललंय याचा पत्ता नाही. कुणी वाईट वागलं नाही. सांगायला कुणी मोकळं नव्हतं इतकंच. दाराला एक गोल काच होती, तिच्यावर आतून कागद चिकटवलेला. मी तीन तास त्या कागदाकडे बघत होतो.

वडील घरी आले, चांगले आहेत. त्यानंतर बायकोच्या भावाने 'ईआर' लावून दिलं. मला वाटलं होतं मला ते बघवणार नाही. उलट झालं. त्या दाराच्या आत काय होतं ते पहिल्यांदा दिसलं. पाच-सहा माणसं एका माणसाभोवती, प्रत्येकाला आपलं काम ठाऊक, कुणी ओरडतंय तर कुणी कपडे कापतंय, एक जण डोक्याशी उभा राहून पेशंटला नावाने हाक मारतोय. मला ऐरोलीच्या पाहुण्यांसारखंच त्यातलं काही कळत नाही. मला ते कळायला नकोच आहे. माझ्या वडिलांभोवतीही कुणीतरी असंच उभं होतं, एवढं बघायला मिळालं.

नंतरच्या सीझनमध्ये कॅमेरा डॉक्टरांच्या घरी जास्त जातो. मला त्यांच्या घरी जायचं नाही. मला त्या खोलीतच थांबायचंय.

आजी_नेरूळ

बाळा, वडिलांची काळजी घे. फार छान लिहिलंस.

हाऊसमन

कोपरी_पूर्व, तुमचा प्रतिसाद मी आमच्या हॉस्पिटलच्या ग्रुपवर टाकू का? नाव न घेता. बाहेर जाऊन नातेवाइकाला दर अर्ध्या तासाला एक वाक्य सांगायचं, एवढं तर जमवता येईल. "अजून तपासतोय, नाडी ठीक आहे," इतकं सांगायला दहा सेकंद लागतात. त्यासाठी एका इंटर्नची ड्युटीच लावता येईल.

कोपरी_पूर्व

जरूर टाका.

ऐरोलीचा_पाहुणा

मला अजूनही तो वेग झेपत नाही, आणि 'संजीवनी' मी सोडणार नाही. पण एकोणिसाव्या भागाबद्दल वाचून राहवत नाही. तो थेट पाहिला तर चालेल का, की आधीचे सगळे पाहावे लागतील?

नौपाडाकर

थेट पाहू नका. ग्रीन कसा माणूस आहे ते आधीच्या भागांतून मुरलेलं असेल तरच तो भाग लागतो. निदान पायलट, 'ब्लिझर्ड' आणि त्याच्या आगेमागचे दोन-तीन बघा. सबटायटल्स लावून ठेवा, पण प्रत्येक शब्द वाचायच्या मागे लागू नका. पटकथावेडी म्हणाल्या तसं, चेहरे बघा.

आमच्याकडे एक बदल कळवतो. लेबररूम आणि सिस्टर यांचे प्रतिसाद मुलीला वाचायला दिले. ती म्हणते, डॉक्टर व्हायचंच आहे, पण आधी एकदा सिस्टरना भेटायचंय. सिस्टर, तुम्ही ठाण्यातच असाल तर एखाद्या रविवारी तुमच्या सवडीने जमेल का?

सिस्टर_ठाणेकर

या की. पुढच्या आठवड्यात माझी सकाळपाळी आहे, तीननंतर मोकळी असते. तिला घेऊन या, आणि प्रश्न लिहून आणायला सांगा.